कॅमेरा कधी एकटा येत नाही

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या, कुंपणाला लागून. तो मोगरा थोडा बाजूला करा, तुमचं तोंड दिसत नाही मला, आणि समोरच्याचं तोंड दिसल्याशिवाय सांगण्यात काय राम! हळू बोला पण. पलीकडच्या काकू आत्ताच गच्चीवर गेल्यात, आणि आपल्या शंकर नगरात भिंतींना नसतील इतके कान गच्च्यांना आहेत.

काकांनी नळा विकला.

अहो नळा म्हणजे तो हो, कॅमेऱ्याचा! पक्ष्यांचे फोटो काढायचा तो मोठा काळा. विकला म्हणजे विकला, मंगळवारी. आणि कुणाला विकला, ते काकूंनासुद्धा सांगत नाहीत. ‘गरजूला दिला’ म्हणाले म्हणे. कॅमेऱ्याच्या नळ्याचा गरजू कोण असतो हो? काकूंचं तोंड एवढंसं झालं होतं सांगताना. नाव नाही घेत मी कुणाचं. बँकेतून रिटायर झालेले, पांढरी टोपी घालून सकाळी तेलीबांध्याला, आपल्या रायपूरच्या मरीन ड्राइव्हवर, चार फेऱ्या मारतात… कळलं ना? तेच.

पण तुम्हाला मुळापासून ठाऊक आहे की नाही? तुम्ही तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला गेला होतात. थांबा, गॅस बारीक करून येते.

हं. तर काय सांगत होते… मुलानं रिटायरमेंटला कॅमेरा दिला. निकॉनचा, डी ५३००. डब्यातच एक छोटं भिंग आलं होतं, किट लेन्स म्हणतात त्याला. छान चाललं होतं हो. गणपती, हळदीकुंकू, चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम, काकांनी गळ्यात अडकवायचा आणि आपण पदर सावरायचा. तिथंच थांबली असती गोष्ट तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण नागपूरचे मेहुणे आले ना दिवाळीत! म्हणाले, माझ्याकडे पन्नास एमएमचं जुनं भिंग पडलंय, तुम्हीच ठेवा, फुकट. काका असे हरखले! लगेच टेबलावर पेपर अंथरून बसवलं. खट्‌कन बसलंसुद्धा. आणि मग… काही नाही. फोकसच होईना. बटण दाबून दाबून बोट दुखलं, भिंग ढिम्म.

मेहुण्यांचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही. फुकट दिलेली वस्तू चालली नाही की देणाऱ्याची जास्त पंचाईत होते. चुकलं कुणाचं, तर कुणाचंच नाही. त्या जुन्या जातीच्या भिंगात मोटर नसते, कॅमेऱ्याची बॉडी ते फिरवते, आणि काकांच्या त्या बॉडीत फिरवायची मोटर दिलेली नव्हती. म्हणजे बघा, सून घरात आली, कुंकू लावलं, माप ओलांडलं, पण बोलतच नाही! काकू म्हणाल्या, ‘हातानं फिरवा की.’ हातानं फिरतं हो ते. पण काकांची नजर आता जवळचं एक आणि लांबचं दुसरं, कुठं फिरवायचं आणि कुठं थांबायचं!

मग काय केलं असेल? भिंग परत दिलं? छे! मोटरवाली बॉडी आणली. डी ७५००. फुकटच्या भिंगासाठी नवा कॅमेरा! नालासाठी घोडा म्हणतात तो हाच, आपल्या डोळ्यांदेखत आला, जयस्तंभ चौकातून, खोक्यात बसून.

आणि घोडा आला की खोगीर येतं, लगाम येतो, पागा येते. बॅग आली. मोठी बॅग आली. तिपाई आली, मग बळकट तिपाई आली. दोन कार्डं, दोन बॅटऱ्या, ब्लोअर, ब्रश… पुसायच्या फडक्याची किंमत ऐकून काकू दारातच बसल्या. मी तर म्हणते, मोबाइल कसा एकटा येतो, पोरका. हा कॅमेरा अख्खा गोतावळा घेऊन येतो.

तर काय सांगत होते… हां, सोयरीक. मंडळातले ते डॉक्टर, त्यांचा कॅनन. दोघं समोरासमोर आले की गाणारा बिचारा यमनमध्ये आणि हे दोघं मागच्या रांगेत माउंटमध्ये. माउंट म्हणजे भिंग जिथं बसतं ती कडी. निकॉनची कॅननला लागत नाही, कॅननची निकॉनला नाही. फिरवायचीसुद्धा उलट दिशेनं, म्हणजे बघा, वैर किती मुळातलं! एकदा घर निवडलं की पुढची सगळी भिंगं त्याच घरातली करायची. घर बदलायचं म्हणालात तर सगळा संसार मोडीत. काका छाती काढून सांगायचे, आमच्या निकॉननं १९५९ साली जी कडी दिली ती साठ वर्षं पाळली, तुमच्या कॅननवाल्यांनी १९८७ साली कडीच बदलली आणि जुन्या गिऱ्हाइकांची भिंगं कपाटात पाडली. डॉक्टर म्हणायचे, पाळलीत ना? मग मेहुण्यांचं भिंग का बोलेना? आणि आम्ही कडी बदलली खरी, पण त्या दिवसापासून मोटर भिंगातच! काकांचा चेहरा असा पडला… मी लगेच मध्ये चहा आणला.

पण डॉक्टरांचीही फजिती झाली हं एकदा. २०२२ साली कुनोत चित्ते सोडले, आठवतं? पंतप्रधान कॅमेऱ्याला डोळा लावून उभे आणि पुढं झाकण तसंच, असा एक फोटो मोबाइलवर फिरत होता. डॉक्टरांनी तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली हसण्याची पिवळी तोंडं सहा. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि लिहिलं, ‘कॅमेरा निकॉनचा, झाकण कॅननचं. फोटो खोटा आहे.’ आणि खरंच खोटा निघाला, कुणीतरी वरून चिकटवलेलं झाकण! दोन दिवस डॉक्टर ग्रुपवर फिरकले नाहीत. तेव्हापासून काकांचं पालुपद एकच, ‘माणूस खोटं बोलेल, झाकण बोलणार नाही.’ लक्षात ठेवा हं हे वाक्य.

तर नळा. नवा रायपूरच्या जंगल सफारीचं २०१६ साली उद्घाटन झालं, तेव्हाही पंतप्रधानांनी वाघाचे फोटो काढले होते. काकांच्या मनात तेव्हापासून वाघ. आणि थंडीत बेमेतऱ्याकडे गिधवा-परसदाच्या तळ्यांवर बाहेरदेशची बदकं उतरतात, पहाटेच्या गाड्या भरून माणसं जातात बघायला. काकाही गेले. परतले ते गप्प. म्हणाले, किट लेन्समध्ये बदक मोहरीएवढं दिसतं. पंधरा दिवसांत नळा घरात! २००-५०० त्याचं नाव. आणि कॅमेऱ्यातला सेन्सर जरा लहान, त्यामुळे ५०० लावलं तरी ७५० लावल्यासारखं दिसतं, असं काका सांगतात. म्हणजे गरिबीचाही फायदा असतो कुठंतरी. पूर्ण फ्रेमचा मोठा कॅमेरा घेतलेल्याला तेवढं जवळ जायला आणखी मोठा नळा लागणार.

किंमत? काकूंना सांगितली अठरा हजार. अहो, अठरा! पँट धुवायला टाकताना खिशात बिल सापडलं. आकडा लाखाच्या पलीकडचा. काकू काही बोलल्या नाहीत. नुसतं बिल काकांच्या ताटाखाली ठेवलं आणि आमटी वाढली. काकांनी ताट उचललं, बिल पाहिलं, ताट परत खाली ठेवलं. त्या दिवशी त्यांनी दोडक्याची भाजी दोनदा मागून खाल्ली. दोडका, लक्षात घ्या!

कामवाली बाई पाहून म्हणाली, ‘दीदी, ये तो तोप कस दिखथे!’ आणि काकूंनी तर कहरच केला. रद्दीवाला आला होता, त्याच्या काट्याला लावायला लावला! नळा एकटाच सव्वादोन किलोच्या वर, बॉडी धरून तीन किलोला थोडा जास्त. रद्दीवाला विचारतो, ‘लोहा है या प्लास्टिक?’ काका आतून धावत आले, पायात चपला नाहीत… अहो मी इथंच उभी होते, या मोगऱ्यामागं. हसू दाबताना ठसका लागला मला.

आणि झाकणं! प्रत्येक भिंगाला पुढून एक, मागून एक. पुढचं भिंगाच्या मापाप्रमाणे. पन्नासवाल्याचं ५२ मिलिमीटर, नळ्याचं ९५, चहाच्या बशीएवढं. आतल्या बाजूला बारीक अक्षरात नंबर असतो, नळ्याच्या झाकणावर एलसी-९५. मला कसं माहीत? अहो, सत्यनारायणाच्या दिवशी काकांनी शोध शोध शोधलं, शेवटी मलाच सापडलं. चुकून त्यात सुपारी ठेवली होती कुणीतरी.

तर काय सांगत होते… पावसाळा. भिंगाला बुरशी लागते हो, काचेच्या आत, कोळ्याच्या जाळ्यासारखी. एकदा आत रुजली की पुसता येत नाही, उघडून साफ करावं लागतं, आणि काचेवरचा लेप खाल्ला असेल तर साफ करूनही डाग राहतो. म्हणून काकांनी कपाट आणलं, वीज लावायचं, ओल शोषणारं. आत चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये काटा ठेवायचा, असा नियम. आणि श्रावणात काकूंना काय सुचलं? आपल्या उडदाच्या पापडांचा डबा आत! म्हणाल्या, ‘तुमची काच सादळत नाही, तर माझे पापड का सादळावे? वीजबिल एकच.’ पापड असे कुरकुरीत राहिले म्हणता! फक्त तेव्हापासून काकांच्या सगळ्या भिंगांना हिंगाचा वास. डॉक्टरांनी एकदा नळा डोळ्याला लावला आणि विचारलं, ‘फोडणी कुठं चाललीय?’

हसू नका मोठ्यानं, गच्ची…

बरं, बुरशी एक, धूळ दुसरी. आपल्या रायपूरची धूळ तुम्हाला मी काय सांगणार! उरला-सिलतऱ्याकडून वारा आला की सकाळी पुसलेल्या गच्चीवर दुपारी तळपाय काळे. भिंग बदलायचं म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड क्षणभर उघडं. काकांनी गच्चीवरच बदललं. धुळीचा कण गेला आत, सेन्सरवर बसला. आणि गंमत अशी, की तो हलत नाही. मागच्या संक्रांतीला आपला सगळ्यांचा ग्रुप फोटो काढला ना, मागं आभाळ ठेवून? चौदा फोटो, आणि चौदाही फोटोंत त्याच जागी काळा ठिपका, कधी आभाळात, कधी बरोबर माझ्या गालावर. माझ्या सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, तीट लागली. काकांनी नंतर तो ठिपका कॉम्प्युटरवर पुसून दिला, पण मला विचाराल तर तिटेचाच फोटो बरा होता.

आता मुंजीचं सांगते आणि तुम्हाला सोडते. काकांच्या नातवाची मुंज. काका नळा घेऊन हॉलच्या दुसऱ्या टोकाला, म्हणे दुरून टिपलं की चेहरे मोकळे येतात. आणि खरं सांगू, येतात हो! विहीणबाई आहेराचं पाकीट चाचपून पाहताना असा मोकळा चेहरा आलाय… तो फोटो काकूंनी वेगळा ठेवलाय, वेळेला असावा म्हणून. तर मातृभोजन सुरू झालं. काकांना जवळ यायचं होतं, पण नळ्याला जवळचं दिसत नाही, निदान सात-आठ फूट लांब राहावं लागतं. म्हणून पन्नासवालं लावायला बसले. एक झाकण खिशात, एक काखेत, एक दातांत. आणि नेमकं त्याच वेळी त्या पोरानं काय केलं? आई भरवायला वाकली, तर यानं ताटातली जिलबी उचलली आणि आधी आईच्या तोंडात कोंबली! सगळा मांडव ‘अगोबाई’ म्हणाला. तिचे डोळे भरले. आणि काका दातांत झाकण धरून बघताहेत.

फोटो कुणी काढला? सांगू? मी! मोबाइलवर. जरा हललाय, मध्ये गुरुजींचा कोपर आलाय, पण जिलबी दिसते. ग्रुपवर बेचाळीस अंगठे. काकांनीही अंगठा दिला, पण रात्री. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी म्हटलं नाही हं तोंडावर. मनात म्हटलं.

पण देवाशप्पथ, खरं तेही सांगायला हवं. सुनेला तो फोटो भिंतीवर हवा होता, चांगला हातभर मोठा. स्टुडिओवाला म्हणाला, ‘मॅडम, फट जाएगा.’ ग्रुपवर पाठवताना मोबाइलनं तो चिरडून एवढासा केलेला, आणि मूळ तर मी जागा नाही म्हणून पुसून टाकलेलं! माझाच चेहरा पडला. मग काकांनी त्यांचा दाखवला. पुढच्या मिनिटाचा, त्याच फुकटच्या पन्नासवाल्यानं काढलेला. जिलबी नाही त्यात. आई पदरानं त्याची हनुवटी पुसतेय. हॉलमध्ये काय तो उजेड, एक पिवळी ट्यूब, तरी फ्लॅश न मारता असा आलाय म्हणता! तिच्या पापणीवरचं पाणी मोजून घ्यावं, आणि मागचे आपण सगळे धुक्यासारखे विरघळलेले. तेवढं मोठं तोंड उघडतं हो ते भिंग, अंधारातही उजेड पिऊन घेतं. आता तोच त्यांच्या घरी भिंतीवर लावलाय. मी गेले की आधी त्याच्याकडे बघते, मग माझ्या मोबाइलकडे, आणि मोबाइल पर्समध्ये टाकते.

त्याच दिवशी मी काकांना म्हटलं, मला बघू द्या एकदा. डोळा लावला, अहो, काय स्वच्छ! मोबाइलसारखं पडद्यावरचं नाही, खरंखुरं, जसं खिडकीतून. आत तिरका आरसा असतो, तो समोरचं चित्र वर ढकलतो आणि वरची काच ते सरळ करून आपल्या डोळ्यात सोडते. त्याला बॅटरीसुद्धा खर्च होत नाही. काकू पापड लाटत होत्या, मी नेम धरला, बटण दाबलं, खटाक! आणि अंधार. पापणी लवल्याएवढाच, पण अंधार. घाबरले ना मी, मोडला की काय! काका म्हणाले, असंच असतं. फोटो निघताना आरसा वर उचलला जातो, तेवढा वेळ आपल्याला काही दिसत नाही. म्हटलं, म्हणजे जो फोटो निघतो, तेवढंच नेमकं काढणाऱ्याला दिसत नाही? काका म्हणाले, ‘नाही दिसत.’ काकूंनी लाटणं न थांबवता म्हटलं, ‘हेच मी चाळीस वर्षं सांगतेय.’

तर काय सांगत होते… विकला का? खांदा हो. तीन किलो गळ्यात घालून बदकांमागं हिंडायचं वय आहे का? आणि त्यात पुण्याचा भाचा आला, बिनआरशाचा कॅमेरा घेऊन. आरसाच नाही! निकॉननं आणि कॅनननं दोघांनीही २०१८ साली नवी कडी काढली, म्हणजे काकांची साठ वर्षांची फुशारकीसुद्धा संपली. आरशाला हलायला जागा लागायची म्हणून निकॉनमध्ये कडीपासून सेन्सर ४६.५ मिलिमीटर लांब ठेवावा लागे, आता १६ वर आला. सगळं बारीक, सगळं हलकं, खटाक आवाजही नको असेल तर नाही. काका विचारात पडले. फक्त बॅटरीच्या वेळी त्यांचा चेहरा जरा उजळला. त्यांच्या डी ७५०० ला एका चार्जमध्ये साडेनऊशे फोटो, भाच्याचा तीनशेला धापा टाकतो. पण सगळी दुनिया तिकडे निघाली की इकडची भिंगं स्वस्त होतात. विकणाऱ्याचं मरण, घेणाऱ्याची दिवाळी. मी तर मागच्या आठवड्यात जेवताना आमच्या ह्यांना सगळं सांगितलं, की बघा हो, लाखाचा नळा काका आता निम्म्यालाही देतील… हे काही बोलले नाहीत. ताक मागितलं दोनदा.

आता खरं सांगते, कशासाठी बोलावलं ते. शपथ घ्या आधी. आज सकाळी ह्यांच्या स्वेटरच्या कप्प्यात डांबरगोळ्या ठेवायला हात घातला, तर हाताला काहीतरी गोल लागलं. काळं. चहाच्या बशीएवढं. उलटं करून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं, मग नाकाशी नेलं…

हिंग!

आता मला सांगा, झाकण तर मिळालं. नळा कुठं असेल? आणि नळा एकटा कशाला येईल घरात? बॉडी कुठं आहे? बॅग? तिपाई? ह्यांनी मला किती हजार सांगायचं ठरवलं असेल?

थांबा, शिट्टी झाली. आज दोडक्याचीच भाजी केलीय मी. बघू या कितीदा मागतात ते.